दुखलं नाही, म्हणून?

स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस लंगडा होता, इथून वादाला तोंड फुटलं.

मामा रत्नागिरीतल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले संस्कृतचे आणि इतिहासाचे शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. भाची फिजिओथेरपिस्ट. पहाटे भाट्याच्या पुळणीवर धावते आणि दिवसभर इतरांना उभं राहायला, पाऊल टाकायला शिकवते. दोघंही माझ्या घरोब्यातले आहेत. त्यांची नावं देत नाही, नात्यानंच ओळखू. त्यांचं बोलणं इथे मांडावंसं वाटलं, कारण स्टोइक तत्त्वज्ञान हल्ली बरेच जण वाचतात. व्यायामाचे व्हिडिओ करणारी पोरंसुद्धा मार्कस ऑरेलियसचं नाव घेतात. पण ही मंडळी शरीराविषयी नेमकं काय सांगत होती, याचा कस घरात कुणी आजारी असतं तेव्हाच लागतो.

मामा : एपिक्टेटस गुलाम होता आणि एका पायानं अधू होता. त्याचा हिशेब सरळ आहे. आपलं मत, आपली इच्छा, आपला निर्णय एवढंच आपल्या हातात. शरीर, पैसा, अब्रू हे काही आपल्या हातात नाही. पाय लंगडा झाला तर अडचण पायाला झाली, निश्चयाला नाही. सद्गुण हे एकच भलं आणि दुर्गुण हे एकच बुरं. आरोग्य या दोन्हींत बसत नाही. तुम्ही लोकांनी मात्र त्याचा देव करून ठेवलाय.

भाची : मामा, तू अर्धंच सांगतोस. भलं नाही आणि बुरंही नाही असा जो मधला ढीग आहे ना, त्यातही त्यांनी निवड केली होती. आरोग्य आणि ताकद निवडण्याजोगी, आजारपण टाळण्याजोगं. आरोग्य मिळालं म्हणून कोणी थोर ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण समोर असताना ते लाथाडणं शहाणपणाचं, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलेलं मला दाखव.

मामा : लाथाडा असं मी कुठे म्हणतो? जीव टाकू नका म्हणतो. सेनेकानं ल्युसिलियसला लिहिलेलं पत्र आहे. त्यात तो सांगतो, थोडं धावा, थोडी वजनं उचला, थोड्या उड्या मारा, लवकर दमवणारे सोपे व्यायाम करा आणि मग शरीराकडून मनाकडे परत या. एपिक्टेटस त्याहून कडक आहे. तासन्‌तास व्यायाम आणि तासन्‌तास खाणंपिणं हे त्याला बुद्धीच्या जडपणाचं लक्षण वाटतं. ही कामं जाता जाता उरकायची, लक्ष द्यायचं ते मनाकडे. आणि तो पहिलवान आठवतो ना? त्याला म्हटलं, तुझे खांदे दाखव. तर तो म्हणतो, ही बघा माझी वजनं! आजची तऱ्हा तीच आहे. कोणी बूट दाखवतं, कोणी घड्याळातली पावलं दाखवतं.

भाची : तिथे मी तुझ्याच बाजूची आहे. माझ्याकडे येणारी निम्मी तरुण मुलं आरशासाठी वजनं उचलून खांदा दुखवून घेतलेली असतात. पण तू नेहमी सेनेका आणि एपिक्टेटस काढतोस. स्टोइकांमधलाच क्लिअँथीस कोण होता? मुष्टियोद्धा. दिवसा झेनोपाशी शिकायचा आणि रात्री लोकांच्या बागांना पाणी ओढून पोट भरायचा. क्रिसिपस लांब पल्ल्याचा धावपटू होता. आणि एपिक्टेटसचा गुरू मुसोनियस तर स्पष्ट सांगतो की काही साधना एकट्या मनाची असते आणि काही मन-शरीर दोघांची मिळून. थंडी, ऊन, तहान, भूक, कठीण अंथरूण यांची सवय करायची, कारण सद्गुणाला काम करायचं ते याच शरीराकडून.

मुसोनियस रूफस आपल्याकडे फारसा परिचित नाही. तो असायला हवा. पहिल्या शतकातला हा रोमन शिक्षक. नीरो बादशहानं त्याला गियारोस नावाच्या ओसाड बेटावर हद्दपार केलं होतं. मुलींनाही मुलांसारखंच तत्त्वज्ञान शिकवावं, असं त्यानं त्या काळात मांडलं. तत्त्वज्ञानी माणसानं शेती करून खावं, हेही त्याचंच मत. त्याच्या शिकवणीत शरीर मिरवायला नाही आणि टाकायलाही नाही. ते राबवायचं असतं. मला स्वतःला हा माणूस सेनेकापेक्षा जवळचा वाटतो.

मामा : आता तू टिळकांवर येणार, मला ठाऊक आहे.

भाची : येणारच. रत्नागिरीत राहून कसं न येऊ? 23 जुलै 1856 ला याच गावात जन्मले. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी शरीर कमावण्यात घातलं. तालीम, पोहणं, नाव वल्हवणं. ते वर्ष वाया गेलं असं तेव्हा कितीजणांना वाटलं असेल! पण 1908 साली वयाच्या बावन्नाव्या वर्षी सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेला गेले, तेव्हा ती शिदोरी कामाला आली.

मामा : आणि मधुमेह? तालमीनं तो रोखला का? तुझं उदाहरण तुझ्याच विरुद्ध जातं. एवढं कमावलेलं शरीर, तरी मधुमेह लागलाच. 1912 साली पत्नी सत्यभामाबाई इकडे गेल्या आणि हे तिकडे तुरुंगात. यातलं काय त्यांच्या हातात होतं? त्यांच्या हातात पेन्सिल होती. 1910-11 च्या हिवाळ्यात चारपाच महिन्यांत त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. मंडालेत टिकलं ते मन, दंड-बैठका नाही.

भाची : मन टिकलं हे खरं. पण मधुमेह आहे हे कळल्यावर त्यांनी काय केलं, ते का सोडतोस? तुरुंगात, जिथे खाण्याचे हाल, तिथे पथ्य पाळलं. ‘शरीर माझ्या हातात नाही’ म्हणून समोर येईल ते खाल्लं नाही. आजार होणं त्यांच्या हातात नव्हतं, पथ्य होतं. तू जी रेघ आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं यांच्यामध्ये मारतोस ना, ती शरीराच्या बाहेरून जात नाही, मामा. ती शरीराच्या मधून जाते.

हे वाक्य ऐकून मामा थोडा वेळ गप्प बसले. माझ्या मते सगळ्या वादाचा कणा इथेच आहे. एपिक्टेटसनं शरीर ‘आपलं नाही’ असं म्हटलं, म्हणजे त्याचा शेवट काय होईल ते आपलं नाही. त्याला काय खाऊ घालावं, केव्हा चालवावं, केव्हा निजवावं हे निर्णय आहेत, आणि निर्णय तर त्यानंच आपल्या पदरात टाकले आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी, कारण रत्नागिरीकराला ती टाळता येत नाही. टिळक मंडालेत होते, त्याच वर्षांत मंडालेच्या तख्तावरून उतरवलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे रत्नागिरीत होता. 1886 पासून इंग्रजांनी त्याला या गावात ठेवलं. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. सिंहासन गेलेल्या राजाची तुलना स्वेच्छेनं लढ्यात उतरलेल्या माणसाशी करणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून ती करत नाही. पण माणसाच्या हाती काय उरतं हा प्रश्न या गावानं दोन्ही टोकांनी पाहिला आहे.

मामा : बरं, टिळक बाजूला ठेव. पावसला चल. स्वामी स्वरूपानंद. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, येरवड्याला कैद भोगली. पुढे मोठं आजारपण आलं आणि प्रकृती कायमची तोळामासा झाली. देसाईंच्या घरातल्या एका खोलीत कितीतरी वर्षं काढली, 1974 साली तिथेच देह ठेवला. अभंग ज्ञानेश्वरी त्या खोलीत झाली. लांबून लांबून माणसं दुःखं घेऊन यायची आणि हलकी होऊन जायची. या माणसाला तुझी व्यायामशाळा काय मार्क देईल?

भाची : काहीच देणार नाही, आणि ते बरोबरच होईल. मार्क द्यायचा अधिकारच नाही तिला. मी कधी म्हटलं की दुबळं शरीर म्हणजे दुबळा माणूस? माझं म्हणणं वेगळं आहे. धोंडो केशव कर्वे घे. शेरवलीला जन्मले, दापोलीजवळच्या मुरुडला वाढले. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले आणि तिथे ‘लहान दिसतोस’ म्हणून बसू दिलं नाही. चण तेवढीशीच! पण पुढे विधवांच्या आश्रमासाठी हिंगणे ते पुणे ही पायपीट, चिखलपाण्यातून, कॉलेजातलं शिकवणं सांभाळून. 104 वर्षं जगले. त्यांनी कधी शरीर कमावलं असं कुणी सांगत नाही, त्यांनी ते वापरलं. स्वामींनी खोलीत बसून वापरलं, कर्व्यांनी रस्त्यावर. ज्याच्याकडे जेवढं आहे त्यानं तेवढं कामाला लावलं. मी फक्त एवढंच विचारते, तुझ्याकडे जेवढं आहे त्याचं तू काय करतोस?

मामा : थांब. तू सुखवस्तू माणसाचं बोलतेस. आपल्याकडच्या चिरेखाणीवर जा. जांभ्याचा एक चिरा उचलून बघ, आणि तो दिवसभर उचलणाऱ्याची पाठ बघ. मिरकरवाड्यावर मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या बायकांच्या माना बघ. या लोकांना तू सांगणार का की तंदुरुस्ती ही तुमची जबाबदारी? त्यांचं शरीर आपण वापरतो, आपल्या घराच्या भिंती त्यातून उभ्या राहतात. पुढे चाळिशीत कंबर गेली की आपण म्हणतो, व्यायाम करायला हवा होता. तुझ्या आईचंच बघ. रोज चालायची, गोड नाही, तेलकट नाही. तरी पक्षाघात झाला ना? हॉस्पिटलात भेटायला आलेली माणसं खाटेशी उभं राहून काय विचारत होती? ‘बीपीच्या गोळ्या वेळेवर घेत नव्हता का?’ आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं तुमचं हे आरोग्यशास्त्र मला नको. यापेक्षा एपिक्टेटस दयाळू आहे.

या मुद्द्यावर मी मामांच्या पूर्ण बाजूनं आहे, आणि भाचीही होती. तिनं वाद घातला नाही. आईच्या उजव्या हाताची बोटं परत हलती करण्यासाठी वाटीत कुळीथ घेऊन एकेक दाणा चिमटीत उचलायला लावत असे, ते तिला आठवलं असावं. दाणा निसटायचा आणि ताटलीत वाजायचा. आई चिडायची. पुन्हा वाटी पुढे यायची. तिच्या घरी मी ते पाहिलेलं आहे. कुणाचा दोष होता हा प्रश्न त्या वाटीपुढे अगदी निकामी होता. दाणा उचलायचा होता, एवढंच.

भाची : आईचं तू बोललास ते खरं आहे. कुणाला आजार का झाला याचा पंचनामा मी करत नाही, माझ्या खोलीत कुणाला करूही देत नाही. खाणीवरच्या माणसाला मी व्यायाम शिकवते आणि मला माहीत असतं की उद्या तो परत चिरेच उचलणार. तिथे जबाबदारी त्याची कमी आणि काम देणाऱ्याची जास्त. हेही स्टोइकांनी नाकारलं नसतं. न्याय हा त्यांच्या चार मुख्य सद्गुणांपैकी एक आहे. पण मामा, तू खाणीवर नाहीस. तुला पेन्शन आहे, वेळ आहे, औषधं आहेत, मामी आहे. खाणीवरच्या माणसाची पाठ पुढे करून तू स्वतःचा पाय लपवू नकोस.

पायाचा विषय निघाला आणि मामांचा आवाज बदलला. झालं होतं ते असं. मामा घराभोवती, खळ्यात, देवळात अनवाणी फिरतात. काही दिवसांपूर्वी फुटक्या कौलाची कपची त्यांच्या तळपायात अंगठ्याच्या मुळाशी शिरली. त्यांना पत्ताच नाही. लादीवर लालसर ठसे दिसले तेव्हा मामींनी त्यांना खुर्चीत बसवून पाय उचलला, तर कपची आत आणि भोवतीची कातडी पांढुरकी, भिजलेली. दोन दिवस तरी झाले असावेत. डॉक्टरांनी जखम साफ केली, ती भरून आली.

मामा : मला काहीच त्रास झाला नाही. मामीनं उगाच घर डोक्यावर घेतलं. मुसोनियसच सांगतो, वहाणांपेक्षा अनवाणी बरं.

भाची : जमत असेल त्याला, असं म्हणतो तो. तुला त्रास झाला नाही याचीच मला भीती वाटते. मी तुझ्या तळव्याला नायलॉनचा तो बारीक तंतू टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. डोळे मिटून तू सांगायचं होतंस कुठे टेकला ते. चार ठिकाणी तू काही बोललाच नाहीस. तुला वाटतं हे वैराग्य आहे. मामा, हे वैराग्य नाही, नस गेली आहे. साखरेनं मज्जातंतू मारले आहेत. वेदना सोसणं वेगळं आणि वेदना न पोचणं वेगळं. तुझा स्टोइक सोसणारा आहे. त्याला टोचलेलं कळतं, अंग दचकतं, तोंड पांढरंफटक पडतं, हे ते स्वतःच मान्य करतात. त्यानंतर तो त्या दचकण्याला होकार द्यायचा की नाही ते ठरवतो. तुझ्याकडे ठरवायला काही पोचलंच नाही!

मामा : ...ते मी वेगळ्या तऱ्हेनं बघत होतो.

भाची : आणि एपिक्टेटसचीच ती गोष्ट काढते, जी तू मला दहावीत असताना सांगितली होतीस. त्याच्याकडे एक बडा अधिकारी येतो. म्हणतो, माझी मुलगी आजारी पडली, मला ते बघवेना, मी घरातून निघून गेलो; ती बरी झाल्याचा निरोप आल्यावर परतलो. एपिक्टेटस त्याला विचारतो, हे योग्य केलंस का? तो म्हणतो, बापाचं काळीज, साहजिक आहे. मग पुढचे प्रश्न. आईचं काळीज नाही का? दाईचा जीव नाही का तिच्यावर? त्यांनीही निघून जायला हवं होतं का? मग मुलीपाशी राहिलं असतं कोण? आणि तू आजारी पडलास तर तुझ्यावर इतकं प्रेम करणारी माणसं तुला हवीत का, की जी तुला एकटा टाकून जातील?

मामा : गोष्ट मला पाठ आहे. पण मी कुठे पळून गेलो?

भाची : स्वतःच्या पायापासून गेलास. आणि तो मामीच्या गळ्यात टाकलास. ती सकाळी तुझे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या पुसते, नखं कापते, गोळ्यांची डबी भरते. तिचे स्वतःचे गुडघे झिजलेत, खाली बसून तुझा पाय मांडीवर घेताना ती भिंतीला धरते. तू म्हणतोस शरीर आपलं नाही. बरोबर आहे, तुझं शरीर तुझं राहिलंच नाहीये. ते मामीचं झालंय. हीच गोष्ट मला स्टोइकांच्या नावावर खपवून घेता येत नाही. एपिक्टेटस माणसाला सारखं विचारतो: तू कोण आहेस? मुलगा आहेस, भाऊ आहेस, नागरिक आहेस, त्या नात्यानं तुझ्याकडे काय येणं लागतं ते बघ. तू नवरा आहेस. नवऱ्याकडे येणं काय लागतं?

मामी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी हे ऐकलं असणार, पण बाहेर आल्या नाहीत. त्यांची बाजू कुणीतरी मोठ्यानं मांडली ही मला या संवादातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे पुरुषाच्या विरक्तीचा खर्च घरातली बाई भरते, आणि त्या विरक्तीचं कौतुक होताना तो खर्च कुठेच धरला जात नाही. मार्कस ऑरेलियस छातीच्या आणि पोटाच्या दुखण्यानं हैराण होता. तरी डॅन्यूबकाठच्या थंडीत वर्षानुवर्षं लष्कराबरोबर राहिला, गॅलेनसारख्या वैद्याचं औषध घेत राहिला. औषध घेण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. अंगावर साम्राज्याचं काम होतं, आणि शरीर धड राहिलं तरच ते होणार होतं.

मामा : समज, मी मानलं. रोज पाय बघितले, वहाणा घातल्या, चाललो. मग उद्या मी त्या घड्याळवाल्यांच्या रांगेत बसणार. साखर किती आणि पावलं किती, दिवसभर हाच जप. मला मरायच्या आधी अजून पुष्कळ वाचायचं आहे. कुमारसंभवात शरीराला धर्माचं पहिलं साधन म्हटलं आहे, ते लोक व्यायामशाळेच्या दारावर रंगवतात. पण ते कोण कुणाला म्हणतं, हे कुणी बघत नाही. कठोर तप करून शरीर झिजवणाऱ्या पार्वतीला बटूच्या वेषात आलेला शंकर म्हणतो, झेपेल तेवढंच करतेस ना? तो आवर घालणारा शब्द आहे. साधनालाच साध्य करणाऱ्यांच्या उपयोगाचा तो नाही.

भाची : मला तो शब्द असाच हवा आहे. तुला दिवसभर जप करायला कोण सांगतंय? पाय बघायला पाच मिनिटं लागतात. हातआरसा जमिनीवर ठेवायचा, तळवा त्यावर धरायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं. लाली, भेग, फोड, ओल. वहाण घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. पाय गरम पाण्यात बुडवायचे नाहीत. जेवणानंतर अर्धा तास चालायचं, ते चालताना तू मनातल्या मनात श्लोक म्हण. सेनेकाच्या हिशेबात हे बसतं. फक्त ते तू करायचं, मामीनं नाही. तिनं आठवणसुद्धा करायची नाही.

मामा : डोळ्यांना बारीक दिसत नाही मला.

भाची : म्हणून भिंग आणलंय. आणि जे दिसणार नाही त्यासाठी महिन्यातून एकदा मी येईन.

मामा : आणि एवढं सगळं करून पाय गेलाच तर? तुझ्या आईनं सगळं केलं होतं.

भाची : तर जाईल. तेव्हा मी तुला विचारणार नाही की कुठे चुकलास, आणि दुसऱ्या कुणाला विचारू देणार नाही. जयपूर फूट बसवू. पहिले काही दिवस दुखेल, तोल जाईल, तू चिडशील. चालायला मी शिकवीन, ते माझं काम आहे.